गुरुजींची विहीर

मे महिन्यातली ती सकाळ नवजीवन कॉलनीतल्या इतर सकाळींसारखीच होती. नळाला चार दिवस पाणी नव्हतं आणि टँकर कोपऱ्यावर उभा होता. यशोधराने दोन बादल्या रांगेत ठेवल्या आणि त्यांच्यामागे उभी राहिली. पिंप भरायचं, आईच्या गोळ्या आणायच्या, मग साडेदहाच्या आत कॉलेजचं ग्रंथालय उघडायचं. उन्हाळ्यात नगरमध्ये राहणारा माणूस ही सगळी कामं न सांगता करत जातो आणि दिवस वर यायच्या आधीच दमतो.

तिच्या पुढे तिचे वडील उभे होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या भाऊसाहेबांना सगळी कॉलनी गुरुजी म्हणायची. यशोधरा त्यांना दादा म्हणे.

शेजारच्या बंगल्यातून आप्पासाहेब कळशी घेऊन आले. ते सोसायटीचे चेअरमन. चेअरमनला रांग लागत नाही, पण त्या दिवशी ते आपणहून मागे उभे राहिले.

"काय आप्पासाहेब, नव्या बोअरचं काय झालं?" गुरुजींनी विचारलं.

"काय व्हायचंय? धूळ निघाली, गुरुजी. साडेतीनशे फूट निव्वळ धूळ! आणि त्या पाणाड्यानं माझ्या डोळ्यांदेखत तळहातावर नारळ उभा करून दाखवला हो. म्हणाला, इथं गंगा आहे."

"नारळात पाणी असतंच की. नारळ खोटं बोलला नाही."

रांग हसली. आप्पासाहेबही हसले, पण त्यांच्या कपाळावरची आठी गेली नाही. पहिला बोअर दोन वर्षांपूर्वी आटला होता. हा दुसरा.

त्याच संध्याकाळी आप्पासाहेबांच्या गच्चीवर सोसायटीची सभा होती आणि विषय एकच होता, कॉलनीतली विहीर बुजवायची. प्लॉट पडायच्या आधी इथे शेत होतं. त्या शेताची विहीर कॉलनीच्या टोकाला, आप्पासाहेबांच्या कुंपणाला लागून तशीच राहिली होती. वर्षानुवर्षं लोक तिच्यात निर्माल्य टाकत. देव्हाऱ्यातले तडकलेले फोटो, फुटक्या तसबिरी, सुकलेले हार, नारळाच्या शेंड्या. पाण्यात सोडलं की आपण सुटलो, अशी आपली समजूत! मागच्या उन्हाळ्यात गुरुजींनी दोन मजूर लावले, स्वतः दोर धरून आत उतरले आणि गाळ काढला. वर आलेल्या तसबिरी त्यांनी पुसून उन्हात ओळीने मांडल्या आणि घरोघर निरोप दिला, "तुमचे देव वर आलेत, घेऊन जा." ते स्वतः बौद्ध. देव त्यांचे नव्हते, पण दुसऱ्याची वस्तू नीट परत करावी इतकंच त्यांना कळत होतं. काही जण आले, मान खाली घालून तसबिरी घेऊन गेले.

आता सभेत म्हणणं असं होतं, की विहिरीने डास होतात, पोरं पडतील, त्यापेक्षा मुरूम टाकून ती बुजवावी आणि वर सभागृह बांधावं.

गुरुजी उठले. "डासांना जाळी बसते. पोरांसाठी कठडा उंच करता येतो. माझं म्हणणं निराळं आहे. आपल्या सगळ्यांच्या गच्च्यांचं पाणी पाइपातून गटारात जातं. अंगणात आपण फरशी घातली, बोळात सिमेंट ओतलं. पावसाला जमिनीत शिरायला वाट कुठं ठेवली? हे पाइप विहिरीकडे वळवू. मध्ये एक खड्डा घेऊ. खाली मोठे दगड, वर खडी, वर वाळू. पाणी गाळून आत जाईल, विहिरीतून मुरमात झिरपेल आणि तुमच्या-माझ्या बोअरला येईल."

"गुरुजी, शाळा सुटली तरी धडे सुटले नाहीत तुमचे!" मागून कोणीतरी म्हणालं.

"सुटले असते, पण पोरं नापास होतायत," गुरुजी म्हणाले. "मागच्या वर्षी आपण बस करून पाणी अडवायची कामं बघायला राळेगणला गेलो. पिठलं-भाकरी खाल्ली, बांधावर उभं राहून फोटो काढले. येताना सगळी बस म्हणत होती, असं आपल्याकडं पाहिजे! मग आपल्याकडं म्हणजे कुठं? पाणी अडवायचं काम खेड्यातल्या माणसाचं आणि टँकरची वाट बघायचं काम आपलं, असं ठरलंय का?"

आप्पासाहेबांनी चष्मा काढून पुसला. "तुमचं बरोबर असेल गुरुजी, पण बहुमताचा प्रश्न आहे," ते म्हणाले. हात वर झाले. विहीर बुजवायचं ठरलं.

घरी आल्यावर गुरुजी ओट्यावर बसून राहिले. भामाबाईंनी, म्हणजे यशोधराच्या आईने, ताट वाढलं होतं. "जेवा आधी. विहीर काय पळून चालली का?"

"तीच तर चाललीय," ते म्हणाले आणि जेवायला बसले. मग यशोधराकडे बघून त्यांनी विचारलं, "तू इतकं वाचतेस. लोकांना पाणी नकोय का गं?"

"हवंय, दादा."

यापुढे बोलण्यासारखं बरंच होतं. ते दोघांनाही ठाऊक होतं. ती ताटं उचलायला उठली.

पहाटे गुरुजी उठले नाहीत. झोपेतच गेले होते.

मग माणसं आली, गेली. सारी कॉलनी आली, खांदा द्यायला आप्पासाहेब पुढे होते, आणि त्यांचे डोळे खरोखर भरले होते हे यशोधराने पाहिलं. घरात पाहुणे असल्याने टँकरच्या रांगेत तिच्या बादल्या दोनाच्या चार झाल्या. दुःखाच्या घरालाही पाणी लागतंच. उलट जास्त लागतं. रडायला बसावं म्हटलं तर पिंप रिकामं असायचं.

सातव्या दिवशी घरी जलदान विधी होता. बौद्धाचार्य आले, वंदना झाली. घरातल्यांनी तांब्या धरून ताटातल्या वाटीत पाणी ओतलं, वाटी भरून पाणी ताटात सांडेपर्यंत. गेलेल्या माणसाच्या नावाने दिलेलं दान असं वाहतं ठेवायचं असतं, एका जागी कोंडायचं नसतं, असं बौद्धाचार्यांनी समजावून सांगितलं.

आप्पासाहेबांच्या आई रतनबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. भामाबाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

"आत्ताच पिऊन आले गं," रतनबाई म्हणाल्या.

त्या नेहमीच आत्ता पिऊन आलेल्या असत. चहा केला तर त्यांचा उपास असे. कॉलनी वसल्यापासून त्या या घरी येत होत्या, भामाबाईंशी सुखदुःखाचं बोलत होत्या, यशोधराच्या आजारपणात रात्रभर उशाशी बसल्या होत्या. पण या घरचा पाण्याचा घोट त्यांनी कधी घेतला नव्हता. पेला उचलून आत नेण्याची भामाबाईंना सवय झाली होती.

श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. शेवटी आप्पासाहेब बोलायला उभे राहिले. "गुरुजींसारखा माणूस होणे नाही. त्यांची आठवण म्हणून नव्या सभागृहाला आपण त्यांचं नाव द्यायचं ठरवलंय. उद्या मुरमाचा टेम्पो येतोय. काम लगेच चालू करू."

दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या आणि विधीच्या घरी आहोत हे आठवून थांबवल्या.

यशोधरा उठून उभी राहिली. "काका, नाव नको."

"अगं, मानानं देतोय आम्ही."

"माहीत आहे. एक विचारू? लोक त्या विहिरीत निर्माल्य टाकायचे तेव्हा आपण तिला काय म्हणायचो? आपली विहीर. दादा आत उतरले, त्यांनी गाळ काढला, पावसाळ्यात पाणी आलं, निवळलं. त्या दिवसापासून ती 'गुरुजींची विहीर' झाली. मलाही वाटलं, मानानं म्हणताय. पण मग एका तरी घरानं त्यातली बादली काढली असती. पिऊ नका, निदान झाडांना घातली असती."

"भलतंच काय बोलतेस, यशोधरा!" आप्पासाहेब म्हणाले. "आजच्या काळात जातपात कोण पाळतंय?"

"मी जातीचं नाव घेतलं नाही, काका."

ती चढ्या आवाजात बोलत नव्हती. तिच्यात तेवढी ताकदच उरली नव्हती. "तुमचा पहिला बोअर विहिरीला लागून आहे. तो चालू होता तेव्हा त्याला पाणी कुठून यायचं? त्याच मुरमातून. आमच्या बोअरला तिथूनच, समोरच्यांच्याही तिथूनच. आपण कुंपणं वर घातली, जमिनीखाली ती नाहीत. इतकी वर्षं ही सगळी कॉलनी एकच पाणी पितेय, काका. तुमच्या देव्हाऱ्यातल्या तांब्यात आणि आमच्या माठात एकच. ते आटलं तेव्हाही सगळ्यांचं बरोबरच आटलं. आता पाऊस तेवढा उरलाय. तोही आपण गटारात सोडतोय, कारण सगळ्यांच्या गच्चीचं पाणी एका विहिरीत गेलं तर ती विहीर पुन्हा सगळ्यांची होईल!"

मग भिंतीकडून आवाज आला.

"भामा, त्यो पेला कुटं नेलास? आन इकडं."

भामाबाई उभ्याच राहिल्या.

"आन म्हनते ना! तहान लागलीय मला. लई दिसांची." रतनबाईंनी पेला दोन्ही हातांनी धरला आणि एका दमात रिकामा केला. पदराने तोंड पुसून त्या मुलाकडे वळल्या. "आप्पा, त्या टेम्पोवाल्याला सांग, यिऊ नको म्हनावं. आन माझ्याकडं असं बघू नको. मी मेले न्हाई पानी पिऊन. जित्ती हाय!"

खोलीतलं कोणीतरी हसलं, कोणीतरी रडलं. आप्पासाहेब बराच वेळ ताटात सांडलेल्या पाण्याकडे बघत राहिले. "उद्या प्लंबरला बोलावतो," ते म्हणाले. "पहिला पाइप माझ्या गच्चीचा."

पुढचं काम कंटाळवाणं होतं. चांगली कामं बहुतेक तशीच असतात. पावसाआधी चारच घरं तयार झाली. एकाने मोरीचा पाइपही त्यातच जोडून टाकला आणि खड्ड्यावर साबणाचा फेस आला. तो पुन्हा तोडावा लागला. सुरुवातीच्या सरींचं पाणी गच्ची धुऊन बाहेर सोडायचं हे लोक विसरत, मग यशोधरा दारोदार सांगत फिरे. आणखी एक खड्डा घेऊन त्यातून गाळलेलं पाणी आप्पासाहेबांच्या आटलेल्या बोअरमध्ये सोडलं. दिवाळीपर्यंत बाकीची घरंही आली. पाणी बघून आली की शेजाऱ्याला बघून, कोण जाणे.

चमत्कार झाला नाही. पुढच्या उन्हाळ्यातही टँकर आला, पण कमी वेळा आला. मे महिन्यात विहिरीत पुरुषभर पाणी होतं. आप्पासाहेबांचा जुना बोअर सकाळी थोडा वेळ चालू लागला. सभागृह झालं नाही आणि त्याची कोणाला आठवणही झाली नाही.

नागरिकहो, आपल्या प्रत्येकाच्या गल्लीत अशी एखादी विहीर असेल, बुजलेली किंवा बुजायच्या वाटेवर. तिला जिवंत करायला लागणारे दगड, खडी, वाळू कुठेही मिळतात. मिळत नाही ती एक गोष्ट आहे, आणि तीच आधी मिळवावी लागते. जमिनीतलं पाणी माझं किंवा त्याचं नसतं, सगळ्यांचं असतं, हे मनापासून मान्य करणं. ते एकदा मान्य केलं की पाइप कुठे वळवायचा हे कोणालाही समजतं!

गुरुजींना जाऊन वर्ष झालं त्या संध्याकाळी यशोधरा विहिरीवर पाणी काढत होती. रतनबाई कळशी घेऊन आल्या आणि नव्या कठड्याला टेकून दम खात उभ्या राहिल्या.

"येक इचारू का गं पोरी? तुला समदं ठावं हुतं. मी कवा पानी पेत न्हाई, का पेत न्हाई, समदं. मंग इतकी वर्सं बोलली का न्हाईस?"

यशोधराने रहाटाचा दोर धरून ठेवला. खाली बादली पाण्याला लागली होती.

"बोलले असते तर तुम्ही यायच्या थांबला असतात, आजी. आणि तुम्ही आलात की दादांना बरं वाटायचं. खुर्ची पुढे करायचे, आईला हाक मारायचे. पाणी नाही तर नाही, माणूस दारात येतंय, म्हणायचे. त्यांना तेवढं पुरत होतं." ती थांबली. मग पहिल्यांदाच, कोणी ऐकलं तरी चालेल अशा आवाजात म्हणाली, "मला ते कधीच पुरलं नाही."