शिवगंगेच्या खांद्यावरचा हात

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. मुरुमच्या बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात माझी सगळी हयात गेली. मित्रांनो, एके काळी माझा काय तोरा होता! लग्नपत्रिका, बॅनर, बारावीचे निकाल, सगळ्यांना मीच लागायचो. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला आणि माझ्या अंगावर मळका टॉवेल. भंगारवाल्याशी मालकाचं बोलणंही झालंय.

परवा शांतम्मा आल्या. त्यांची लेक शिवगंगा सासरच्या विहिरीत सापडली, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. भिंतीवर लावायला त्यांना तिचा फोटो हवा होता. मोबाइलमध्ये एकच होता, लग्नातला. शेजारी नवरा, आणि त्याचा हात तिच्या खांद्यावर.

“ह्याला काढ, पोरी. ह्याचं नख बी नको,” त्या म्हणाल्या.

दुकान सांभाळणारी गायत्री फोटो कापू लागली. पण चौकोन तो चौकोनच. दर वेळी नवऱ्याचा गाल, नाहीतर फेट्याचं टोक आत यायचं.

“एकटीचा न्हाय का, मावशी?”

“लग्नात काढू म्हणलं. लग्नात नवरीला एकटं कोण सोडतंय?”

गायत्रीनं माझं सगळं उचकलं. शेवटी स्क्रीनशॉटच्या टूलमध्ये तिला ते सापडलं. चौकोन सोडून माउसनं हवी तशी रेघ ओढायची, आतलं तेवढंच राहतं. इतकी वर्षं ते माझ्या पोटात पडून होतं, कुणी विचारलंच नाही. माझा माउस म्हातारा, मध्येच उडी मारतो. रेघ पोरीच्या नाकावरून गेली तेव्हा मला माझीच लाज वाटली. गायत्री परत दम धरून कपाळावरून, कानातल्या फुलांवरून खाली उतरली आणि खांद्यापाशी थांबली.

“हात काढला तर खांदाबी जातोय, मावशी.”

“जाऊ दे.” मग शांतम्मा हळूच म्हणाल्या, “पंचमीला आली तवा म्हणत होती, अव्वा, मला परत धाडू नको. म्याच एसटीत बसवून दिली.”

गायत्रीनं रेघ पुरी केली. खांद्याच्या जागी पांढरा खळगा राहिला. शांतम्मा तसाच फोटो पदराखाली धरून गेल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सांगून मी निरोप घ्यायला हवा. पण माझं काय, मी जाईन भंगारात. घरातल्या पोरीचा एकटीचा, हसरा फोटो आजच काढून ठेवा. तो हात मला फक्त फोटोतून काढता आला, तोही उशिरा. माहेरी आलेली लेक ‘परत धाडू नको’ म्हणाली, तर तिला धाडू नका.