गच्चीवर वाळत घातलेली मोहफुलं

हे लिहून नव्हतोच ठेवणार. लाज वाटते. पण डोक्यातून जाऊन नाई राह्यलं.

मी कुरखेड्याकडचा. चंद्रपुरात नुकताच आलो, पार्सल वाटाचं काम हाय. राह्यतो प्रफुलच्या खोलीवर. तो गावचाच, इथी मोबाईल दुरुस्त करते. घरमालकीण इंदुताई मले ठेवाले तयारच नव्हत्या. प्रफुल म्हणाला, "माह्या भरोशावर ठेवा, ताई." मंग ठेवलं.

शहर काई खास वाटलं नाई. धूळ, हॉर्न, बंद दरवाजे. पण गल्लीच्या तोंडावर मोहाचं झाड दिसलं. खाली फुलांचा सडा, अन् लोक त्याच्यावरून गाड्या नेऊन राह्यले! जीव तुटला.

आमच्याकडं दर मोहाचा मालक असते. विचारल्याबिगर कोनी वेचत नाई. म्हणून घरोघरी गेलो, "हे मोहाचं झाड कोनाचं हाय?"

एक काका जाळीच्या आतूनच म्हणे, "तुले काय करायचं हाय? कोनाकडं राह्यतं?"

"इंदुताईकडं."

मालक काई भेटला नाई. मंग बादलीभर वेचली, गच्चीवर चादरीवर पसरवली. भाजून, तीळ घालून प्रफुलले चारीन म्हटलं.

संध्याकाळी इंदुताई कपडे काढाले वर गेल्या. तिथूनच आवाज, "हे काय हाय रे?"

"मोहफुलं, ताई. खाले."

"मले शिकवतं? दारू गाळून राह्यला काय माह्या घरात? तो गल्लीतला काका बी विचारत होता, कोन पोरगा ठेवला म्हणून!"

तेवढ्यात प्रफुल कामावरून आला. "ताई, खरंच खातो आमी. आमच्याकडं लहान पोरं बी खातेत."

"तुह्या भरोशावर ठेवला होता ना? महिना झाला का दोघं बी खोली खाली करा."

त्या गेल्या. मी फुलं गोळा कराले बसलो तं बोटं काळी झाली. दिवसभरात खाणीकडून उडून आलेली कोळशाची धूळ बसली होती. खायच्या कामाची बी नाई राह्यली. प्रफुलनं चादरीचं दुसरं टोक धरलं.

मी म्हटलं, "शिव्या तरी दे ना बे."

"काय शिव्या देऊ? तीन वर्षं झाले, मोह नाई खाल्ला. मले बी खाचे होते."

हे आयकून जास्तच वाईट वाटलं. इतक्या वर्षांत कमावलेलं त्याचं नाव मी एका दिवसात घालवलं.

त्याले म्हटलं, "आता खोली मी पाह्यतो. तू माह्यासाठी कोनाले शब्द देऊ नोको. कुठचा हाय अन् काय खातो, ते मीच पयले सांगीन. त्याच्यावर बी जो ठेवंल, त्याच्याच घरी तुले नेईन. शब्द हाय माहा."