बंबाजवळचा आडोसा

मित्रांनो, तो माणूस गेल्याचं कळलं तो पौषातला गुरुवार होता. अंगणात सकाळचं ऊन नुकतंच आलं होतं. माझ्या पोटातले निखारे विझत आले होते आणि सगळ्यांच्या आंघोळी उरकल्या होत्या. तेवढ्यात शेजारच्या लाकडाच्या वखारीचे मालक नूरमोहम्मद आत आले. एरवी ते दारातूनच हाक मारायचे. त्या दिवशी हाक न मारता थेट बद्रीनाथांसमोर येऊन उभे राहिले.

"बद्रीभाऊ, तुमच्याकडून परवा गेलेला तो घोंगडीवाला माझ्या वखारीत पडलाय. ओंडक्यांच्या मागं. थंडीनं गेला."

बद्रीनाथांनी वखारीच्या बाजूला पाहिलं.

"चौकीत सांगून आलो. त्याच्या कमरेला आतल्या बाजूनं टोपी अन् तावीज बांधलेला होता. आमच्यातला होता तो. गुसल द्यायचंय, मयताची आंघोळ. ऊन पाणी लागंल. एवढं पाणी तापवायला माझ्या घरी भांडं नाय."

"पण त्यानं तर आंघोळ करायची नाय म्हणूनच..." एवढं बोलून बद्रीनाथ खाली बसले.

ज्या भांड्याबद्दल नूरमोहम्मद बोलत होते ते भांडं म्हणजे मी. मी एक तांब्याचा बंब आहे. आता जुना झालो आहे, एका बाजूला चेपलो आहे आणि माझी तोटी गळते. कासारी बाजारात एका तांबटानं मला पत्र्यापासून ठोकून ठोकून घडवलं. मधून जाळाचं नळकांडं, भोवती पाणी, खाली राखेची जाळी. गंगापूरच्या काकासाहेबांच्या घरी मी वीस वर्षं काढली. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं त्या वर्षीच्या थंडीत त्यांनी मला बैलगाडीत घालून या गावी, औरंगाबादेला, पाठवून दिलं. धर्मशाळेला बंब हवा आहे असं त्यांच्या कानावर आलं होतं.

धर्मशाळा म्हणजे घोड्यांची एक जुनी पागा. त्या दिवसांत गावोगावची माणसं जागची उठली होती. कुणाचं घर जळलं होतं, कुणाची माणसं गेली होती, कुणी नुसताच भिऊन निघाला होता. त्यातले एकटे पुरुष स्टेशनाजवळ आणि वेशीच्या कमानीखाली झोपत. बद्रीनाथ आणि त्यांची बायको सारजाबाई यांना मूल नव्हतं. दोघं दत्ताचे भक्त. सारजाबाईचं माहेर दौलताबादचं. तिच्या माहेरी पहिल्यापासून सांगत, की दत्त फकिराच्या वेशात येतो, आणि ओळखला नाही तर दारातून परत जातो. तिनं ते लहानपणी ऐकलं आणि खरं मानलं. तिनंच पागा मागून घेतली, झाडली आणि एका कोनाड्यात दत्ताची तसबीर ठेवली.

गल्लीनं हात दिला म्हणून ते चाललं. समोरच्या वच्छलाबाई रोज दहा भाकरी थापून द्यायच्या. गंगापूरकडून येणाऱ्या गाड्या जळणाला कापसाच्या पऱ्हाट्यांचे भारे टाकून जायच्या. नूरमोहम्मद वखारीतल्या ढलप्या पाठवायचे. सारजाबाई त्यांना म्हणायची, "दादा, ओली लाकडं देऊन आमच्या दत्ताला खोकला लावू नका." ते हसून म्हणायचे, "बाई, वाळलेली गिऱ्हाइकाला, त्याहून वाळलेली तुम्हाला."

पहाटे मला पेटवायचं काम तिचं. नवा माणूस आला की ती आधी त्याला ऊन पाणी काढून द्यायची. मग भाकर, मग झोपायला घोंगडी. नाव, गाव, जात यातलं काही विचारायचं नाही. आठ-आठ दिवस रस्त्यावर काढलेला माणूस मान वर करत नाही. अंगावरून ऊन पाणी गेलं की तो इकडंतिकडं बघायला लागतो. हे मी कितीदा पाहिलं आहे.

आंघोळीचा दगड उघड्या अंगणात होता. बंद न्हाणी बांधायला पाहिजे, असं ती नवऱ्याला सारखं म्हणायची.

"आवो, बापय असला म्हून काय झालं? त्याला लाज नसती का?"

"बांधू गं, पुढच्या महिन्यात बांधू," बद्रीनाथ म्हणायचे. ते दिवसभर गावात फिरून ज्वारी, डाळ, जुने कपडे गोळा करायचे. पुढचा महिना काही आला नाही. मग तिनं आपलं एक जुनं हिरवं लुगडं दोन बांबूंना बांधलं आणि दगडाभोवती आडोसा केला. कुणी तरीही नको म्हणाला तर ती रागावायची नाही. "बरं, नुस्ते हातपाय धू. भाकर गार व्हईल." बद्रीनाथ तेव्हा बाहेर असायचे. हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं.

घोंगडीवाला पहिल्यांदा आला तो तिच्याच वेळी, पहिल्या थंडीत. त्यानं पाण्याकडं पाहिलं, अंगणातल्या माणसांकडं पाहिलं आणि तो मागं सरला. सारजाबाईनं लुगड्याची कड ओढून नीट केली आणि त्याच्याकडं पाठ करून माझ्याजवळ उभी राहिली. म्हणाली, "कुणी येत नाय. मी हाय इथं." तो आडोशामागं गेला आणि बराच वेळ पाणी ओतत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी निघून गेला. तो कोण होता हे तिला कळलं होतं की नाही, ते मला सांगता येणार नाही. तिनं ते कधी कुणाला बोलून दाखवलं नाही.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी सारजाबाईला ताप आला. सहाव्या दिवशी ती गेली. बद्रीनाथ तेरा दिवस अंगणात आले नाहीत. चौदाव्या दिवशी आले ते आधी आडोशापाशी गेले. बांबूंवरचं लुगडं सोडलं, झटकलं, घडी केली आणि ट्रंकेत ठेवून दिलं. तिचं वस्त्र येणाऱ्या-जाणाऱ्याच्या ओल्या हाताला लागावं हे त्यांना सहन होईना. त्यांचा यात काही वाईट हेतू नव्हता. पण मित्रांनो, त्या दिवसापासून दगड उघडा पडला.

मलाही कुणी चिंच लावून घासलं नाही. मी काळा पडत गेलो. त्याचं मला फारसं वाटलं नाही, कारण तिथं कोणीच पहिल्यासारखं राहिलं नव्हतं. रामकिसन नावाचा एका पायानं अधू माणूस तिथंच कायमचा राहत होता. तो मला पेटवायला लागला. बद्रीनाथांनी मात्र एक गोष्ट घट्ट धरली. आधी आंघोळ, मग भाकर. बायको असंच करायची, तेव्हा असंच झालं पाहिजे. त्यात कमी-जास्त केलं तर तिचं काहीच उरणार नाही, असं त्यांना वाटत होतं.

पौषात घोंगडीवाला परत आला. अंगानं निम्मा झाला होता. मी त्याला ओळखलं. बद्रीनाथांनी त्याला आधी पाहिलंच नव्हतं; मागच्या खेपेला ते रात्री परतले तेव्हा तो तोंडावर घोंगडी घेऊन झोपला होता.

रामकिसननं बादली भरली. घोंगडीवाला उघड्या दगडाकडं बघत उभा राहिला.

"उद्या करतो," तो म्हणाला. "आज कणकण हाय."

"पाण्याला भेतो का रे?" रामकिसन म्हणाला. "मांजराच्या कुळातला दिसतो."

बाकीचे हसले. तोही थोडं हसला आणि भिंतीला टेकून बसला. त्या दिवशी वच्छलाबाईंनी त्याला गपचूप अर्धी भाकर दिली. दुसऱ्या दिवशीही तो "उद्या" म्हणाला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बद्रीनाथ स्वतः बादली घेऊन त्याच्यासमोर आले.

"हे बघ बाबा. इथली रीत हाय. आधी आंघोळ, मग भाकर. सगळ्यांना एकच."

"नाना, हातपाय धुतो."

"हातपाय नाय. आंघोळ. माझ्या बायकोचा नियम हाय. ती गेली म्हून मी मोडायचा का?"

त्या माणसानं वर पाहिलं. "आक्का गेल्या?"

"गेली."

त्यानं उघड्या दगडाकडं एकदा पाहिलं. मग घोंगडी खांद्यावर टाकून उठला. बद्रीनाथांनी त्याला थांबवलं नाही. कपडे उतरवले की आपण कोण ते कळेल, आणि कळलं की काय होईल, ही भीती त्याच्या मनात पोलीस ॲक्शनपासून तशीच होती. मला ती दिसत होती. आडोसा लावा, एवढंच सांगायचं होतं. पण मी भांडं. माझ्या पोटात पाणी उकळतं, तोंडातून शब्द निघत नाही.

गुरुवारी बद्रीनाथ अंगणात खाली बसले ते बऱ्याच वेळानं उठले. रामकिसनला बाजूला सारून त्यांनी स्वतः माझी राख काढली, ढलप्या घातल्या, मला काठोकाठ भरलं. त्यांना पेटवता येत नव्हतं. धुरानं डोळे लाल झाले. पाणी तापलं तेव्हा नूरमोहम्मदांची माणसं घागरी घेऊन आली.

"मयताला पडदा धरावा लागतो," नूरमोहम्मद म्हणाले. "घरात चादर हाय, पण लहान पडंल."

बद्रीनाथ आत गेले. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. ते हिरवं लुगडं घेऊन बाहेर आले आणि नूरमोहम्मदांच्या हातात दिलं.

"हे बाईंचं हाय," नूरमोहम्मद म्हणाले.

"व्हय. तिनं यालाच ठेवलं व्हतं."

त्या दिवशी माझं पाणी चार वेळा तापवलं. पुरून आल्यावर नूरमोहम्मदांनी लुगडं धुऊन परत आणलं. बद्रीनाथांनी ते बांबूंना बांधलं. पुढं उन्हाळ्यात त्यांनी आपल्या हातानं विटा रचून न्हाणी बांधली. भिंत वाकडी आहे, पण दाराला आतून कडी आहे. आता माणूस आला की आधी भाकर देतात. आंघोळ त्याला वाटेल तेव्हा.

मित्रांनो, मला घासा असं मी म्हणणार नाही. माझं वय झालं. मोडीत जाईन तेव्हा जाईन. एवढंच सांगतो, की आपलं गेलेलं माणूस जे करत असे ते धरून ठेवा, पण ते का करत असे तेही विसरू नका. आणि कुणी तुमच्या दारात "उद्या" म्हणाला, तर तो का म्हणतो ते बघा.

बद्रीनाथ अजूनही नव्या माणसाला नाव विचारत नाहीत. फक्त एक विचारतात. कपाळावर जुना व्रण, काळी घोंगडी, उंचीनं बेताचा, असा तुमच्याकडचा कुणी हरवला आहे का? करमाडकडच्या, दौलताबादकडच्या, कितीतरी माणसांना विचारून झालं. नूरमोहम्मदही दर शुक्रवारी मशिदीत विचारतात. त्या माणसाचं नाव कळलेलं नाही. गाव कळलेलं नाही. तो गेल्याचं त्याच्या घरी अजून कोणी सांगितलेलं नाही.