सराफाकडचं अर्धं गाणं

म्हसावदच्या गल्लीत सकाळी भोंग्याची रिक्षा शिरली आणि ओट्यावर बसलेल्या रतिलालआबांना आपलाच आवाज ऐकू आला.

'सोनाना हार लई येसू का वं, बोल मन्ही राणी?'

त्यामागून एका मुलीच्या गोड आवाजात शहाद्याच्या नव्या सराफी पेढीचा पत्ता. मग पुन्हा आबा: 'माडीनं घर बांधी देसू का वं?' पेढी काही माड्या विकत नव्हती. पण सोनं घेणाऱ्याला माडीचीही स्वप्नं पडलेली बरी, असा तिचा विचार असावा.

गाणं मुळात जोडप्याचं. हळदीच्या मांडवात नवरा-बायकोनं समोरासमोर बसून म्हणायचं. त्यानं एकेक वस्तू देऊ करायची, तिनं ती नाकारायची. हार म्हटलं की आबांची बायको धनुबाई त्यांना जवळ बोलावत म्हणायची, 'हार ऱ्हाऊ दे रे, मन्हा जोडे बस.' माडी म्हटलं की, 'माडीवर कोण चढी रे, मन्हा गुडघा दुखतस.' मांडव हसून लोळायचा आणि आबा दरवेळी नव्यानं लाजायचे.

धनुबाई गेल्यावर आबांना हळदीला कोणी बोलवेना. विधुर मांडवात नको, असं तोंडावर कोण म्हणतं? 'तब्येत सांभाळा, आबा,' एवढंच म्हणत. तब्येत ठणठणीत होती. यंदा मात्र पुतण्या हेमराजनं मुलाच्या हळदीला हट्टानं बसवलं. आबांनी आपले सवाल म्हटले आणि प्रत्येक सवालानंतर धनुबाईचा जबाब मावेल एवढा वेळ गप्प राहिले. पाहुण्यांत पेढीचा तरुण मालक भाग्येश होता. त्यानं मोबाइलवर गाणं घेतलं आणि मधल्या रिकाम्या जागा कापून टाकल्या. उरली ती अस्सल जाहिरात.

आबा जीपनं शहाद्याला पेढीवर गेले.

"या या! आबा, तुम्ही तर स्टार व्हई गयात!" भाग्येशनं खुर्ची दिली.

"गानं बंद कर."

"काबरं? लोके खूश शेतस."

"तिना जबाब नहीत त्यामा. गावले असं वाटी, धनुले सोनं पाहिजे व्हतं."

"एवढंच ना? टाकूत जबाब. आमनी रुचिका गाई."

पत्ता सांगणारी रुचिका काउंटरमागे बसली होती. तिनं घसा साफही केला.

"नको," आबा म्हणाले.

"मंग तुम्हीच म्हना."

आबांनी तोंड उघडलं. जबाबाची ओळ जन्मात त्यांच्या ओठांवर आली नव्हती. बांगड्या घालून बघणाऱ्या दोन बाया मनगटं तशीच धरून त्यांच्याकडे पाहू लागल्या. आबांनी तोंड मिटलं. भाग्येशला वाटलं, विषय मिटला. त्यानं पेढीचं कॅलेंडर गुंडाळून त्यांच्या हातात दिलं.

बाहेर भोंग्याची रिक्षा उभी होती. चालवणाऱ्या वाहिदनं दारातून सगळं ऐकलं होतं. तो म्हणाला, "बसा आबा, म्हसावदलेच चालनू."

आबा मागे बसले. सगळ्या वाटेनं त्यांच्याच डोक्यावर त्यांचाच आवाज राणीला हाका मारत होता. वाहिद आरशात बघत होता. केळीच्या बागा लागल्या तशी त्यानं रिक्षा कडेला घेतली आणि माइक मागे दिला.

"यहाँ कोई नहीं, आबा. मैं सवाल लगाता, तुम चाची का जवाब बोलो."

हाराचा सवाल वाजला. आबांनी माइक दोन्ही हातांनी धरला. "हार ऱ्हाऊ दे रे, मन्हा जोडे बस." आवाज फाटला, पण भोंग्यानं तो इमानानं बागेपलीकडे पोचवला. माडीच्या जबाबाला वाहिद हसला आणि आबांनाही जरा हसू आलं.

शेवटचा सवाल वाजला: 'सांग मंग, काय लई येसू वं?'

आबांनी माइक तोंडाशी नेला.

"आगे, आबा?"

"आठे, ह्या सवालले, ती दर येळे नवं म्हने. कधी म्हने मीठ लई ये, कधी म्हने पह्यले दाढी करी ये." आबांनी माइक खाली घेतला. "आते काय म्हनती, माले काय ठाऊक?"

वाहिदनं माइक बंद केला नाही. गाणं न लावताच रिक्षा चालू केली, तेव्हा भोंग्यातून बराच वेळ नुसती इंजिनाची घरघर केळीच्या बागांना ऐकू गेली. म्हसावद दिसू लागल्यावर तो बिचकत म्हणाला, "अब लगाना पड़ेगा, आबा. सेठ पूछेगा."

"लाव," आबा वर भोंग्याकडे बघत म्हणाले. "तिले इचारू दे त्याले."