उज्वलाची हाक आणि माझी पकड

मी एक जुना डिबगर आहे, मित्रांनो. नाव ऐकून बिचकू नका. संगणकावर चालू असलेला प्रोग्राम अडखळला, की मी त्याला धरून थांबवतो आणि चूक दाखवतो. काम झालं की मला 'सोड' असा हुकूम द्यायचा, मग तो पुढे चालू लागतो. हुकूम न देता पडद्यावरची माझी खिडकी बंद केली, तर माझ्यासोबत तोही मरतो. माझी घडणच तशी, काय करू?

पिपरी मेघे गावातल्या एका लहान दवाखान्यात मला उज्वलानं आणलं. पेशंटला हाक मारणारा प्रोग्राम तिनंच लिहिला, आवाजही तिचाच. "बारा नंबर, या जी." माझं कौतुक करायची ती पोरगी. सोडायला कधी विसरली नाही.

मागच्या वर्षी ती तापानं गेली. मग तिचे वडील बापूराव भाजी विकून झाली की रोज तिथल्या बाकावर येऊन बसू लागले. दुखणं काही नाही, लेकीची हाक ऐकायची. निघताना स्पीकरकडे पाहून म्हणायचे, "येतो वं माय."

पुढे तिचा आवाज साठवलेली डिस्क खराब झाली. आवाज उरला तो फक्त चालू प्रोग्रामच्या आठवणीत. आणि परवा तो प्रोग्रामच अडकला. बंद करून सुरू केला असता, तर आवाज कायमचा गेला असता.

उज्वलासोबत काम करणारा अंकित धावत आला. त्यानं मला कामाला लावलं. आम्ही चूक शोधली, दुरुस्त केली. हॉलमध्ये हाक घुमली. माझा जीव भांड्यात पडला.

आता मला सोडायचं, आवाज उतरवून घ्यायचा, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात बापूराव आत आले. मोठं माणूस समोर आलं की हातातलं काम बाजूला सारून उभं राहायचं, हे अंकितच्या अंगवळणी पडलेलं. त्यानं पटकन माझी खिडकी बंद केली आणि नमस्काराला वाकला.

"सतरा नंबर, या..."

"काऊन थांबली जी ते?" बापूरावांनी विचारलं. अंकितला समजलं. तो खाली बसून रडू लागला. म्हाताऱ्यानं त्याच्याच पाठीवरून हात फिरवला.

मित्रांनो, कुणाला धरलं असेल, तर उठण्याआधी अलगद सोडा. आदर, आनंद, घाई, सगळं त्यानंतर.

बापूराव आजही बाकावर बसले होते. निघताना मुक्या स्पीकरकडे पाहून म्हणाले, "येतो वं माय."