ताईचं नाक

ताईच्या हातून त्या घरात कधी काही वाया गेलं नाही. दुपारच्या भातात रात्री अंडं आणि कांदा पडायचा, आणि तो शिळा आहे हे सांगूनही खाणाऱ्याला पटायचं नाही. पाव वाळून दगड झाला की त्याचा चुरा व्हायचा. कोबीची जाड पानं, गाजराची टोकं, पालेभाजीची देठं एका पिशवीत साठत राहायची, आणि पिशवी फुगली की कोंबडीच्या हाडांबरोबर मोठ्या पातेल्यात जायची. ते पाणी गाळून, डब्यात भरून ताई गोठवायची. घराच्या पॅसेजमध्ये एक लांबलचक आडवा फ्रीजर होता, बंद पडलेल्या दुकानातून स्वस्तात उचललेला. भावजय लग्न होऊन आली तेव्हा त्याचं झाकण उघडून म्हणाली होती, "अगंबाई, ह्यात तर अख्खा माणूस मावेल!"

"मावेल," ताई म्हणाली होती, "पण मग मटार कुठे ठेवू?"

आई गेली तेव्हा ताई शाळेत होती आणि भाऊ कडेवर. त्या कडेवरून तो उतरला तो थेट मोठा होऊनच. लिफ्ट दुरुस्तीचं काम शिकला, नोकरीला लागला, लग्न केलं. केस पिकायला लागले तरी ताईसाठी तो 'बाळ्या'च. ताईच्या लग्नाचं राहून गेलं ते राहूनच गेलं, आणि त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. बाळ्या कमवायचा, भावजय घरी पडदे शिवून कमवायची आणि ताई वाचवायची. जिन्यात एखाद्या नव्या शेजारणीने विचारलं, "तुम्ही भावाकडे राहता का हो?" तर ताई ताडकन म्हणायची, "नाही, भाऊ माझ्याकडे राहतो."

काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे ठरवायचं काम तिच्या नाकाचं. डबा उघडायचा, डोळे मिटायचे, एक श्वास घ्यायचा. निकाल तीनच: 'चालेल', 'आज संपवा' आणि 'गेलं'. बाळ्या म्हणायचा, "कोर्टाच्या वर कोर्ट असतं. ताईच्या नाकाच्या वर काही नाही." आणि ते खरंच होतं. इतक्या वर्षांत त्या घरात कुणाचं पोट तिच्या जेवणाने बिघडलं नव्हतं.

मग हिवाळ्यात तिला ताप आला. साधाच; सर्दी, अंगदुखी, आठवडाभर अंथरूण. ताप गेला, सर्दीही गेली. एका सकाळी ती दुधाच्या पातेल्यापाशी उभी राहून खिडकीबाहेर बघत होती, तेवढ्यात भावजय खोकत धावत आली. "ताई, अहो करपतंय! घरभर वास सुटलाय!" ताईने खाली पाहिलं. पातेलं काळं पडलं होतं.

"लक्ष नव्हतं गं," ती म्हणाली.

भावजय गेल्यावर तिने लसणाची पाकळी ठेचून नाकाशी धरली. मग कापलेला कांदा धरला. डोळ्यांतून पाणी आलं, पण वास म्हणून काही आला नाही. भिंत हुंगावी तसं वाटलं. जिभेला मीठ कळत होतं, गोड-आंबट कळत होतं. त्यापलीकडे सगळं ओल्या कापसासारखं.

येईल आपोआप, असं तिने ठरवलं. महिना गेला, दुसरा गेला. डॉक्टरकडे जायचं तर कारण सांगावं लागलं असतं. आणि घरात काय सांगायचं? जिचं नाकच गेलं तिने स्वयंपाकघरात काय करायचं, आणि स्वयंपाकघर गेलं तर ह्या घरात तिचं होतं तरी काय? हे तिने मनातसुद्धा पूर्ण वाक्यात म्हटलं नाही. पण डबा उघडला की ती पूर्वीसारखीच डोळे मिटायची, श्वास घ्यायची, आणि मग हळूच जिभेवर थेंब ठेवून बघायची. आंबट लागलं नाही की म्हणायची, "चालेल."

त्यातच एके दिवशी भावजयीच्या मशीनजवळचा प्लग पॉइंट सैल झाला. पडद्यांची मोठी ऑर्डर होती, इस्त्री तापायला हवी होती. तिने पॅसेजमधल्या फ्रीजरचा प्लग काढून तिथे इस्त्री लावली, काम उरकलं आणि पडदे पोचवायला तशीच पळाली. प्लग आठवला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तिने झाकण न उघडताच गुपचूप तो परत लावला. आत गार असेलच अजून, असं तिने स्वतःला सांगितलं.

चार-पाच दिवसांनी ताईने खिम्याचा डबा काढायला झाकण उघडलं. डबे एकमेकांना चिकटून बसले होते, आणि तळाशी गुलाबी बर्फाची पातळ लादी झाली होती. हे असं कधी झालं नव्हतं. डबा ओट्यावर ठेवून खिमा सुटा होईपर्यंत वाट पाहिली, मग झाकण काढून नाक जवळ नेलं.

काही नाही. तिने पुन्हा श्वास घेतला, तरीही काही नाही. हे 'काही नाही' आपल्या नाकातलं आहे की डब्यातलं, हे तिला कळायला मार्ग नव्हता, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. कच्चं मांस जिभेला लावून बघता येत नव्हतं. भावजय बाहेर मशीनवर होती. एक हाक मारली असती तरी पुरलं असतं. ताईने हाक मारली नाही. कांदा परतला, खिमा टाकला, कालचे उकडलेले बटाटे कुस्करून वर थापले.

भावजय त्या संध्याकाळी पडदे द्यायला गेली ती गिऱ्हाइकाकडेच अडकली. बाळ्या दमून आला होता, त्याने दोनदा वाढून घेतलं. "आज काय वेगळं घातलंस?" त्याने विचारलं. ताई म्हणाली, "काही नाही." तो सगळं पुसून खाईपर्यंत ती बघत राहिली, आणि स्वतः पाव खाऊन उठली.

पहाटेपर्यंत बाळ्याच्या पोटात काही राहिलं नव्हतं, पाणीसुद्धा. सकाळी त्याला उभं राहवेना. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी सलाइन लावलं, रक्त तपासलं, आणि बाहेर येऊन सांगितलं की शरीरातलं पाणी फार कमी झालंय, मूत्रपिंडांवर ताण आलाय, दोन दिवस काही सांगता येणार नाही. काय खाल्लं होतं, त्यांनी विचारलं.

ताईने तोंड उघडायच्या आत भावजय रडायला लागली. "माझ्यामुळे झालं. मी फ्रीजरचा प्लग काढला होता. सगळं वितळून परत गोठलं असणार. मी कुणाला सांगितलंच नाही." मग ती ताईकडे वळली. "तुम्हाला कसं कळणार होतं, ताई? तुमच्या नाकालाही कळलं नाही म्हणजे वासच आला नसणार त्याला."

"कधीकधी येतही नाही," डॉक्टर म्हणाले आणि आत गेले.

ताई बाकावर बसली. तिची सुटका तिच्यासमोर आयती येऊन उभी राहिली होती, आणि तिने ती घेतली. भावजयीच्या पाठीवरून हात फिरवत ती नुसती म्हणाली, "उगी. उगी राहा." त्या हाताची तिला स्वतःलाच लाज वाटली, पण तो तिने काढून घेतला नाही.

दोन दिवस ताईच्या घशाखाली काही उतरलं नाही. भावजयीला वाटलं, भावाच्या काळजीने. तिसऱ्या दिवशी बाळ्या सावरला. लघवी नीट होऊ लागली, चेहऱ्यावर रंग आला, आणि अंगात जीव येताच त्याला रागही आला. दोघी त्याच्या खाटेजवळ बसल्या होत्या. भावजय त्याला चमच्याने पेज भरवत होती.

"एक प्लग लावायची अक्कल नाही तुला," तो म्हणाला. "मेलो असतो मी. ताई घरात होती म्हणून इतकी वर्षं निभावलं. तुझ्या हातात घर दिलं असतं तर..."

भावजयीने मान खाली घातली. चमचा तिच्या हातात तसाच राहिला.

"बाळ्या, गप्प बस," ताई म्हणाली. "मला वास येत नाही."

"काय?"

"तापानंतर गेला. कशाचाच येत नाही. त्या दिवशी बर्फ बघून मला शंका आली होती. हिला हाक मारली असती तर हिने हुंगून सांगितलं असतं. मी मारली नाही."

बाळ्या हसलाच आधी. "काहीतरीच काय, ताई! हिला वाचवायला बोलतेस."

"नाही रे."

तिचा चेहरा पाहून त्याचं हसू विरलं. भावजयीने वाटी टेबलावर ठेवली आणि ती खोलीबाहेर निघून गेली.

ताई तिच्या मागोमाग गेली. कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीशी भावजय उभी होती. वळून न बघताच ती बोलली. "तीन दिवस मी रडतेय, ताई. तीन दिवस तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवताय."

"हो."

"आणि त्याआधी दोन-तीन महिने आम्ही तुमच्या भरवशावर डोळे झाकून जेवत होतो. उद्या ह्याला काही झालं असतं तर? मी जन्मभर स्वतःलाच दोष देत राहिले असते. तुम्ही मला तो देऊ दिला असता?"

ताईला 'नाही' म्हणायचं होतं, पण ते खरं आहे का, हे तिला माहीत नव्हतं. "माहीत नाही," ती म्हणाली.

घरी परतल्यावर दोघींनी फ्रीजर रिकामा केला. हाडांचं पाणी, मटार, सोललेले टोमॅटो, पावाचा चुरा, अर्ध्या वर्षाची बचत काळ्या पिशव्यांत भरली. खाली कचऱ्याच्या डब्यापर्यंत प्रत्येक पिशवी ताईने स्वतः उचलून नेली. भावजयीने हात पुढे केला तरी दिली नाही. मग फ्रीजर धुऊन, पुसून, झाकण उघडं टाकून ठेवला.

त्यानंतर स्वयंपाकघर भावजयीचं झालं. तसं कुणी म्हटलं नाही. पण सकाळी गॅसपाशी ती आधी उभी असायची. उरलेलं सगळं ती सरळ टाकून द्यायची. ताई आपल्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसून भांड्यांचे आवाज ऐकायची. बाळ्या अजून कामावर जात नव्हता. तो अधूनमधून दारात येऊन उभा राहायचा, "काय गं ताई," म्हणायचा आणि परत जायचा.

एके सकाळी भावजय चप्पल घालून ताईच्या दारात आली. "चला, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नंबर लावलाय."

"कशाला उगाच खर्च..."

"ताई, चला म्हटलं ना."

डॉक्टरांनी नाकात दिवा घालून पाहिलं, बाटल्या हुंगायला दिल्या. शेवटी म्हणाले, वास परत येऊ शकतो, न येऊही शकतो. तुम्ही लवकर यायला हवं होतं. परतताना दोघी शेजारी शेजारी चालत राहिल्या. रस्ता ओलांडताना भावजयीने ताईचा दंड धरला आणि पलीकडे गेल्यावरही सोडला नाही.

पुढच्या आठवड्यात ती हातात वाटी घेऊन ताईच्या खोलीत आली. "परवाची डाळ आहे. टाकवत नाही मला. पण मला हे जमत नाही हो. वास येतोय, तो बरा की वाईट ते कळत नाही."

ताई उठून बसली. "कसला येतोय? आंबट?"

"आंबट नाही."

"मग कसा? नीट हुंग. पटकन सांगू नकोस."

भावजयीने डोळे मिटले. "ओलं फडकं राहून गेलं ना, तसा. अगदी थोडा."

"गेली ती. टाक."

त्या दिवसापासून दोघी ओट्याशी उभ्या राहू लागल्या. एक हुंगायची, दुसरी विचारायची. हाडांच्या पाण्याला लोखंडासारखा वास आला तर घाबरायचं नाही. भाताला गोडसर आला तर मात्र हात लावायचा नाही. ताईला हे सगळं शब्दांत कधी सांगावं लागलं नव्हतं. वासांची नावं शोधताना ती अडायची, चिडायची, आणि कधीकधी आठवणीतल्या वासापाशी गप्प उभी राहायची. भावजय तेव्हा घाई करत नसे.

एका संध्याकाळी कोंबडीच्या रश्श्याचं भरलेलं पातेलं निघालं, आदल्या दिवशीचं.

"चांगला वाटतोय," भावजय म्हणाली.

"येतोय की वाटतोय?"

भावजयीने पुन्हा वाकून श्वास घेतला. बराच वेळ. "वाटतोय, ताई. खात्री नाही."

पातेल्यात तिघांचं दोन वेळचं जेवण होतं. ताईने कडा धरल्या, पातेलं उचललं, आणि रस्सा गाळून मोरीत ओतला, कोंबडीचे तुकडे पिशवीत बांधले. भावजय तिला मदत करायला पुढे झाली नाही, तिथेच शेजारी उभी राहिली.

बाहेरून बाळ्याने विचारलं, "जेवायला काय आहे गं?"

"बटाटे उकडतोय आम्ही," भावजय म्हणाली.

ताईने सुरी घेतली आणि सोलायला बसली.