निळ्या पट्टीचं स्ट्रेचर

मित्रांनो, ज्याच्यावर हौसेनं कुणीच झोपत नाही, असं मी एक जुनं स्ट्रेचर आहे. लोखंडी नळ्या, चार चाकं आणि रेक्झिनची गादी, एवढाच माझा संसार. नवा आलो तेव्हा इतका चकचकीत होतो की मोठ्या सिस्टरनी माझ्या दांड्यात बघून केस सारखे केले होते. पुढे डावं चाक रुसलं, ते कायमचंच.

आमच्या अपघात विभागाची एक रीत होती. जखमी आला की खिडकीवर नातेवाइकांना विचारायचे, "विमा आहे का?" असेल तर माझ्या दांड्याला निळी पट्टी बांधायचे, नसेल तर पांढरी. निळी दिसली की दार उघडायचं आणि मी थेट आत जायचो. पांढरी असली की पैशांची सोय होईपर्यंत मला भिंतीपाशी लावून ठेवायचे. कुणी दुष्ट नव्हतं हो, सगळे आपापलं काम चोख करत होते. पण एक गवंडी त्या भिंतीपाशी माझ्या गादीवरच गेला. त्याचा भाऊ तेव्हा पैशांसाठी फोनवर फोन लावत होता. तसाच मार लागलेला निळ्या पट्टीचा माणूस पुढे आपल्या पायांनी घरी गेला. मला फार वाईट वाटलं, पण स्ट्रेचरला कोण विचारतो?

एका दुपारी परांचीवरून पडलेला रंगारी आला. वरून फारसं काही दिसत नव्हतं, पोट मात्र ताठ झालं होतं. त्याची बायको खिडकीकडे धावली. मला ढकलणारे वॉर्डातले मामा घाईत होते. आधीच्या पेशंटची निळी पट्टी सोडायची ते विसरले. सिस्टरनी ती पाहिली आणि दार उघडलं.

थोड्या वेळानं खिडकीवरचे कारकून पांढरी पट्टी घेऊन आले. मागे रंगाऱ्याची बायको होती.

"मामा, रंगारी कुठाय?"

"आत. टेबलावर घेतलाय."

"आत कसा? अहो, त्याला विमा नाहीये."

मामांनी माझ्या दांड्याकडे पाहिलं आणि त्यांचं तोंड उतरलं.

"म्हणजे आता बाहेर काढणार का यांना?" बायकोनं विचारलं.

कारकून पट्टी बोटाला गुंडाळत राहिले.

शेवटी डॉक्टरबाई बाहेर आल्या. "पोटात रक्त साठत होतं. लगेच आणलंत म्हणून वाचला. बाहेर थांबला असता तर हाती लागला नसता."

बायको मटकन माझ्या गादीवर बसली आणि रडली. तिला उठवायचं सोडून मामा पाणी आणायला गेले.

मामांना वरून समज मिळाली की पट्टी सोडायला विसरू नका. पट्ट्या मात्र चालूच राहिल्या.

आता मी जिन्याखाली धूळ खात पडलोय. परवा तोच रंगारी भिंत रंगवायला आला. भिंत तीच, पांढऱ्या पट्टीवाल्यांची. तिथे नव्या स्ट्रेचरवर एक म्हातारा कण्हत होता. रंगाऱ्यानं बादली खाली ठेवली आणि वाकून विचारलं, "आजोबा, कुठं लागलंय?"

मित्रांनो, माझ्या चाकाला तेल नंतर घाला. त्या दारात माझं आयुष्य गेलं, पण हा प्रश्न सगळ्यात आधी विचारलेला मी परवाच ऐकला.